एचएलए-बी२७ (मणक्याच्या संधिवाताशी संबंध असलेला जीन) पॉझिटिव्ह आलंय पण त्रास काहीच नाही, मुलीची टेस्ट करावी का?

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २७, हिंजवडीत आयटीत आहे. दोन वर्षं त्याची कंबर धरत होती, पहाटे तीनला दुखून जाग यायची मग हॉलमध्ये येरझाऱ्या, सकाळी मोजे घालायला वाकता यायचं नाही आणि अकरा वाजले की गडी एकदम मोकळा. आम्ही सगळं खापर बाईकवर आणि सिंहगड रोडच्या खड्ड्यांवर फोडलं. एका डॉक्टरांनी स्लिप डिस्क म्हणून तीन आठवडे झोपवून ठेवलं तर अजूनच आखडला. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) नॉर्मल, त्यामुळे सूज वगैरे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी संधिवातवाल्या डॉक्टरांनी एमआरआय केला, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणका आखडवणारा संधिवात निघाला, एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह.

तेव्हा मला बाबा आठवले, त्यांनाही हेच असावं. मागून हाक मारली की त्यांची नुसती मान वळायची नाही, अख्खे वळायचे. अधूनमधून एक डोळा लाल, उजेड सहन व्हायचा नाही, आम्ही म्हणायचो डोळे आले. मार्केट यार्डात पोती उचलून पाठ गेली हे तर घरात ठरलेलंच होतं. आता विचारायला ते नाहीत.

घाबरून मी पण टेस्ट केली, पॉझिटिव्ह. वय ३४, महिन्यातून दोनदा सिंहगड चढतो, काही होत नाही. वाचलं त्यावरून, या जीनचा आणि आजाराचा संबंध १९७३ पासून माहितीये, पण जीन असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही, फक्त घरात पेशंट असेल तर धोका जास्त. शिवाय ईआरएपी१, आयएल२३आर असे बाकीचे जीनही हातभार लावतात. म्हणजे माझ्यात आणि भावात फरक तिथे आहे की काय देव जाणे.

खरा प्रश्न मुलीचा. ती ६ वर्षांची, माझ्याकडून हा जीन जायची शक्यता निम्मी. बायको म्हणते टेस्ट करून टाकू, आई म्हणते पोरीच्या कपाळी आत्तापासून शिक्का कशाला. मला आईचं पटतंय, कारण पॉझिटिव्ह आलं तरी करणार काय? पण बाबांचा तो डोळा आठवला की झोप लागत नाही.

कोणाच्या घरी असं आहे का? त्रास नसलेल्या मुलांची टेस्ट केलीत का थांबलात? आणि मी स्वतः कशावर लक्ष ठेवू?

मेथी-हळद नका सांगू प्लीज, काकूंचं सगळं करून झालंय.