मदत हवी आहे: नुसत्या एक्स्क्लुजिव (दुसऱ्या कुठल्या कन्सोलवर न मिळणाऱ्या) गेम्सच्या जोरावर जुना स्विच अजून चालेल का?

मंडळी, घरात कन्सोल घ्यायचाय, पैसे एकाचेच आहेत आणि पोरांना मारिओ कार्ट आणि पोकेमॉनच पाहिजे, तर मेव्हणा म्हणतो निन्टेन्डोचा स्विच, ते २०१७ चं मशीन आत्ता कशाला घेतोस, सरळ सोनीचा पीएस५ घे. त्याचं चुकतंय असं नाही. निन्टेन्डोने स्विच काढला तेव्हाच त्यातली टेग्रा एक्स१ चिप जुनी होती, चित्राची स्पष्टता हातात धरून खेळलं तर ७२०पी आणि टीव्हीला लावून फार तर १०८०पी.

पण मग हा प्रकार चालला कसा हेच मला कळेना. पीएस५ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२० च्या नोव्हेंबरात आले, आता स्विच आटोपला असं जो तो म्हणत होता, आणि २०२३ च्या मे महिन्यात स्विचचा झेल्डा गेम टिअर्स ऑफ द किंगडम तीन दिवसांत १ कोटी खपला, तोही सेकंदाला जेमतेम ३० फ्रेम्सवर! एकूण स्विच १५ कोटींच्या वर गेले. म्हणजे एक्स्क्लुजिव असले की झालं असं म्हणावं, तर निन्टेन्डोचाच स्विचच्या आधीचा कन्सोल वी यू आठवतो. मारिओ कार्ट ८ मुळात त्याच्यावरच आला २०१४ ला, स्प्लॅटून हा गेमही त्याचाच, तरी बिचारा दीड कोटीसुद्धा खपला नाही. तोच मारिओ कार्ट पुढे डीलक्स होऊन स्विचवर ६ कोटींच्या पुढे गेला. गेम तोच, कंपनी तीच, मग फरक कशाने पडला? कुठेही नेऊन खेळता येतं म्हणून? सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलकडेही शेनमू, सोलकॅलिबरसारखे गेम्स होतेच की, पण सोनीचा पीएस२ डीव्हीडी प्लेअर घेऊन आला आणि २००१ मध्ये सेगाने कन्सोलचा धंदाच बंद केला. (ड्रीमकास्टवाल्यांनी भांडायला येऊ नये, मलाही आवडायचा.)

माझी खरी भीती सोनीची नाहीच. जून २०२५ मध्ये स्विच २ आला, मारिओ कार्ट वर्ल्ड आणि डॉन्की काँग बनान्झा फक्त त्याच्यावर. जुन्या स्विचचे गेम्स घरचाच स्विच २ पळवायला लागला तर माझ्या डब्यावर नवीन काय येणार? आपल्याकडे निन्टेन्डोची अधिकृत विक्री नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोडला वगैरे इम्पोर्टेड घ्यायचा, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. म्हणून विचारतोय.

प्रतिसाद: पोरांचं वय काय? दहाच्या आतली असतील तर जुन्या स्विचचं ओएलईडी स्क्रीनवालं मॉडेल बिनधास्त घ्या. आहेत तेच गेम्स त्यांना तीन-चार वर्षं पुरतील, आणि उद्या स्विच २ घेतलात तर जवळजवळ सगळी कार्ट्रिजेस त्यात चालतात, पैसे वाया नाहीत. सोनीवाले आपले गेम्स पीसीवर देतात, एक्सबॉक्सवाले तर आता पीएस५ वरही देतात, मारिओ मात्र दुसरीकडे मिळत नाही.

धागाकर्ता: मुलगी नऊ, मुलगा सहा. मेव्हण्याचा मित्र जपानहून स्विच २ आणतो म्हणतोय, तिकडे स्वस्त आहे, ते कसं?

प्रतिसाद: थांबवा त्याला! तिकडचं स्वस्त मॉडेल फक्त जपानी भाषेत चालतं आणि अकाउंटही जपानचंच लागतं. आणायचाच तर मल्टी-लँग्वेज मॉडेल सांगा, पण ते महाग पडतं.