मदत हवी आहे: लागोपाठ दोन क्रूझ, जहाज तेच. मधल्या दिवशी नक्की काय होतं?

ठाणेकर:

नमस्कार मंडळी,

मी वीज मंडळातून निवृत्त, राहणार ठाणे. सध्या न्यू जर्सीला लेकीकडे मुक्काम आहे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेक-जावयाने आम्हा दोघांना कॅरिबियनची क्रूझ घेऊन दिली आहे. एक नाही, दोन. पहिल्या सात रात्री पूर्वेकडे सेंट मार्टिन, सेंट थॉमस, आणि पुढच्या सात रात्री पश्चिमेकडे जमैका, कोझुमेल. दोन्ही फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरातून. जहाज तेच, केबिन मात्र दोन वेगळ्या. पहिली सातव्या मजल्यावर, दुसरी दहाव्या. एकच केबिन दोन्ही आठवडे मिळाली नाही.

माझा जीव अडकलाय तो मधल्या रविवारात. सकाळी जहाज बंदराला लागणार, साडेपाच हजार माणसं उतरणार, दुपारी तितकीच नवी चढणार. आमचं काय? तिकीट काढून देणारा म्हणाला, "अंकल, तुम्हाला उतरायची गरजच नाही, बसून राहा." जावई म्हणतो उतरावंच लागतं. दोघांपैकी कुणाचं ऐकू?

सौ.चे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, शस्त्रक्रिया मार्चनंतर. ती काठी घेऊन पन्नास पावलं चालते, पण इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभी राहू शकणार नाही. मला इन्सुलिन चालू आहे, ते केबिनच्या फ्रिजमध्ये असणार. सामान कोण हलवणार? आम्ही भारतीय पासपोर्टवाले, व्हिसा बी-वन बी-टू, म्हणजे पाहुण्यांचा, दहा वर्षांचा. मधल्या दिवशी पुन्हा प्रश्नोत्तरं होतात का? आणि शाकाहारी आहोत, दोन आठवडे पास्ता खाऊन राहायचं का, हाही एक प्रश्न आहे, पण तो शेवटी.

टँपाची माई:

जावईबापू बरोबर आहेत. उतरावं लागतं, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही.

अमेरिकेच्या बंदरात पहिल्या फेरीचे सगळे प्रवासी कागदोपत्री आणि प्रत्यक्षात जहाजाबाहेर गेल्याशिवाय नव्यांना आत घेत नाहीत. त्यात तुमच्यासारखे पुढच्या फेरीवरही असलेले आलेच. त्यांना तिथे इन-ट्रान्झिट म्हणतात. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये पत्र येतं: सकाळी अमुक वाजता अमुक हॉलमध्ये जमा. आमच्या वेळी साडेनऊ होते. पासपोर्ट आणि जहाजाचं कार्ड हातात घ्यायचं. मग कर्मचारी सगळ्यांना शाळेच्या सहलीसारखं ओळीने खाली नेतात, टर्मिनलमध्ये कॅमेऱ्यासमोर चेहरा, अधिकाऱ्याला पासपोर्ट, थोडं थांबायचं, की परत वर. उतरायचं असतं ते एवढंच. सामान बरोबर नसतं, म्हणून कस्टमचाही फारसा प्रश्न येत नाही.

काकूंसाठी व्हीलचेअर आत्ताच कंपनीला कळवून मागा. दोन्ही बुकिंगांवर वेगवेगळी नोंद करायला सांगा, कारण त्यांच्या संगणकाला तुम्ही दोन आठवड्यांचे पाहुणे नाही, तुम्ही दोन वेगळी जोडपी आहात. ऑनलाइन चेक-इनही दोनदा करायचं. हीच गोष्ट इंटरनेटची, पेयांच्या पॅकेजची आणि बिलाची. त्या दिवशी सकाळी पहिल्या आठवड्याचं बिल कार्डावर पडून खातं बंद होतं. जहाजावर खर्चायला म्हणून कंपनीने काही रक्कम दिली असेल तर तीही सहसा त्याच दिवशी संपते, पुढे जात नाही. शनिवारी रात्री दुकानात जाऊन संपवा, टोपी घ्या, काहीही घ्या.

आता आमच्या आईची गोष्ट सांगते. शेवटच्या रात्री सगळे आपापल्या बॅगा दाराबाहेर ठेवतात, रात्रीतून त्या खाली जातात आणि सकाळी टर्मिनलमध्ये मिळतात. आईने पाहिलं, अख्ख्या बोळात बॅगा लागल्यात, आपलीच नाही. मग तिने मी अंघोळीला गेलेली असताना आमच्या दोन्ही बॅगा सरळ ओढून बाहेर ठेवल्या. कुलूप लावून, वर रुमालसुद्धा बांधला. सकाळी आम्ही बोटीवर आणि बॅगा खाली गोदामासारख्या त्या हॉलमध्ये, हजारो बॅगांच्या मध्ये. सापडल्या त्या रुमालामुळे. तेव्हा काका, त्या रात्री दाराबाहेर चपलासुद्धा ठेवू नका.

मालवणी खलाशी:

मी नऊ वर्षं जहाजावर हाउसकीपिंगला होतो, आता घरी, आंब्याच्या नादात. आमच्याकडचे आणि गोव्याचे खूप जण या कामाला आहेत, तुम्हाला कुणी ना कुणी भेटेलच. त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो.

त्या दिवसाला आम्ही टर्नअराउंड म्हणतो आणि त्यापायी आमची झोप आदल्या रात्रीच उडते. एकेका माणसाकडे पंधरा-सोळा केबिन. सकाळी पाहुणे बाहेर पडले की चादरींचे गठ्ठे बोळात, उशा उभ्या, गादी तपासायची, तिजोरी उघडी टाकायची, फ्रिज रिकामा करायचा, बाथरूम, नवे टॉवेल. दुपारी एकच्या आसपास केबिन तयार पाहिजे. खाली त्याच वेळेला एका दारातून जुन्या बॅगा बाहेर, दुसऱ्या दारातून फोर्कलिफ्टने अंडी, भाजी, दूध आत. इंधनाचा बार्ज बाजूला लागलेला असतो. अशा वेळी कुणी आमच्याकडे जादा हँगर मागितले तर आम्ही हसतो, पण मनात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

जहाज रिकामं झालं की नाही हे गँगवेवरच्या, म्हणजे उतरायच्या पुलावरच्या, कार्डावर कळतं. प्रत्येक जण उतरताना कार्ड वाजवतो, आकडा खाली खाली येतो. सगळी घाई त्या आकड्याची. आकडा तीनवर अडकला की नाव घेऊन माइकवर पुकारा. कुणी नाश्त्याला रेंगाळलेलं असतं, कुणी गाढ झोपलेलं. तोवर इन-ट्रान्झिटवाले खाली टर्मिनलमध्ये खुर्च्यांवर बसून राहतात. म्हणून कधी वीस मिनिटांत परत येतात, कधी तास जातो. पाण्याची बाटली आणि काकांसाठी बिस्किटं जवळ असू द्या. सफरचंद-केळं मात्र नको. जहाजावरची फळं अमेरिकेच्या जमिनीवर न्यायची नसतात आणि त्यासाठी कुत्रीही फिरत असतात.

केबिन बदलताना: शुक्रवारीच तुमच्या स्टुअर्डला, म्हणजे केबिन आवरणाऱ्याला, सांगा की आम्ही दहाव्या मजल्यावर जातोय. हँगरवरचे कपडे हँगरसकट राहू द्या, ते चाकांच्या दांडीवर अडकवून वर नेतात. खणातलं, टेबलावरचं सगळं बॅगेत भरा, बॅग केबिनच्या आत ठेवा, वर नव्या केबिनचा नंबर लिहून चिकटवा. पासपोर्ट, औषधं, पैसे, दागिने, चष्मा हे आमच्या हाती द्यायचं नाही, तुमच्या खांद्याच्या पिशवीत. इन्सुलिनला छोटी थंड पिशवी घ्या. आणि तिजोरी आणि फ्रिज. हे दोन्ही दोनदा बघा. लोक दार बंद करून निघून जातात आणि आम्हाला आत काय काय सापडतं!

बचावाची कवायत दुसऱ्या आठवड्यात पुन्हा करावी लागेल. "आम्ही मागच्या रविवारी केली" हे चालत नाही. 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीजवळ खडकावर गेली तेव्हा नुकत्याच चढलेल्या कितीतरी लोकांची कवायत झालेलीच नव्हती. 2015 पासून नियम झाला की ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या झालीच पाहिजे. आता बऱ्याच जहाजांवर फोनवर व्हिडिओ बघायचा आणि संकटात जमायच्या आपल्या जागेवर जाऊन कार्ड वाजवायचं, एवढंच असतं. पण केबिन बदलली की तुमची जागाही बदलू शकते. नव्या कार्डावर छापलेलं वाचा.

ठाणेकर:

दोघांचेही मनापासून आभार. माईंचा रुमाल सौ.ला वाचून दाखवला, ती म्हणाली, "मीही हेच केलं असतं."

दोन शंका राहिल्या. एक, उतरायचंच आहे तर तेवढ्यात शहर बघून यावं का? आणि दुसरी जरा नाजूक. आम्ही येऊन साडेतीन महिने झालेत. क्रूझहून परत अमेरिकेत आल्यावर राहायला सहा महिने नव्याने मिळतात असं आमच्या सोसायटीतल्या एकांनी छातीठोकपणे सांगितलं.

टँपाची माई:

सोसायटीतल्या एकांना म्हणावं, तुम्हीच या. काका, तसं गृहीत धरू नका. जवळच्या बेटांवर किंवा मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन आलात तर अधिकारी तुमची जुनीच मुदत कायम ठेवू शकतो. नवी तारीख दिली तर दिली. परतीचं विमान जुन्या आय-94 च्या (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या सरकारी नोंदीच्या) तारखेच्या आतलंच ठेवा, आणि रविवारी तसंच शेवटी उतरल्यावर आय-94 च्या संकेतस्थळावर काय तारीख पडली ते लेकीला बघायला सांगा. व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात एम आहे ना तेही पाहा. एम म्हणजे कितीही वेळा. बी-वन बी-टू दहा वर्षांचा म्हणजे असणारच, तरी डोळ्यांनी पाहा.

शहराचं म्हणाल तर जाता येतं, इतरांबरोबर सकाळी उतरायचं आणि दुपारी नव्या प्रवाशांबरोबर रांगेतून सुरक्षा तपासणी करून चढायचं. गुडघे दुखत असताना मी जाणार नाही. औषध वगैरे हवंच असेल तर बंदराजवळच सतराव्या रस्त्यावर सुपरमार्केट आणि औषधांची दुकानं आहेत, टॅक्सीने जाऊन तासाभरात परत. बंदराच्या फाटकावर ओळखपत्र मागतात. पण मला विचाराल तर त्या दिवसाची खरी मजा बोटीवर आहे. अकरा वाजता तुम्ही वर येता आणि अख्खं जहाज रिकामं. गरम पाण्याच्या टबात तुम्ही दोघंच. ही चैन पुढच्या सात दिवसांत पुन्हा नाही.

उत्तरेचा वारा:

काकांना लागू नाही, पण कुणी अलास्काच्या विचाराने हा धागा वाचत असेल तर. मी व्हँकुव्हरला असतो. व्हँकुव्हर ते अलास्कातलं सूअर्ड बंदर आणि त्याच जहाजाने सूअर्ड ते व्हँकुव्हर अशा दोन फेऱ्या जोडायला हरकत नाही, सुरुवात-शेवट दोन्ही कॅनडात. पण सॅन दिएगो ते व्हँकुव्हर आणि तिथून त्याच जहाजाने सूअर्ड हे जोडू देत नाहीत. अमेरिकेचा 1886 चा कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी न्यायचे तर वाटेत "दूरचं" परदेशी बंदर लागतं, आणि कॅनडा त्यांच्या हिशेबी दूर नाही. दोन तिकिटं वेगळी असली तरी जहाज तेच म्हणून प्रवास एकच धरतात. माझ्या ओळखीतल्या एकांचं दुसरं तिकीट पैसे भरल्यावर रद्द झालं. शिवाय आपल्या पासपोर्टवर कॅनडाचाही व्हिसा लागतो, आणि तोही एकाहून जास्त प्रवेशांचा, कारण परत आत यायचं असतं.

मालवणी खलाशी:

जेवणाचं कुणीच सांगितलं नाही. डायनिंग हॉलमधल्या हेड वेटरला पहिल्याच रात्री गाठा, "उद्यापासून भारतीय शाकाहारी" म्हणा. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी डाळ-भाजी-भात नीट येतो, ऐनवेळी मागितलं तर पनीर आणि पनीर. दुसऱ्या आठवड्यात माणसं तीच असतील पण यादी नवी असते, रविवारी पुन्हा सांगायचं. सात रात्रींचा मेनू आणि बरेचसे शो पुन्हा तेच येतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळं बघून टाकायची धावपळ करू नका. कपडे धुवायला द्यायचे तर गुरुवारपर्यंत द्या, शेवटच्या दिवसांत घेत नाहीत बहुधा.

ठाणेकर:

मंडळी, जाऊन आलो. लिहितो म्हटलं होतं म्हणून लिहितोय.

रविवारी सव्वानऊला आम्ही चाळीसेक जण एका लाउंजमध्ये जमलो. निम्मे जण असे की वर्षातून चार वेळा जातात, एकमेकांना नावाने ओळखतात, विणकाम घेऊन आले होते. सौ.ला खुर्चीतून एका फिलिपिनो मुलाने सगळ्यांच्या आधी खाली नेलं. अधिकाऱ्याने विचारलं, पुन्हा चाललात? मी म्हटलं, मुलीने दोन तिकिटं काढली. तो म्हणाला, चांगली मुलगी आहे. झालं. मुदत जुनीच ठेवली आहे, लेकीने पाहिलं.

मग मात्र पन्नास मिनिटं खुर्च्यांवर. खलाशीभाऊ म्हणाले तसंच, वर दोन जण सापडत नव्हते. शेवटी लिफ्टमधून दोन तरुण उतरले, एकाच्या पायात चपला नव्हत्या. विणकामवाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

वर आलो तेव्हा सातव्या मजल्याच्या बोळात आमचेच कपडे चालले होते. चाकांची दांडी, तिच्यावर माझे तीन शर्ट, एक कोट आणि सौ.च्या सहा साड्या हँगरला लटकलेल्या, मागे ती दांडी ढकलणारा वेंगुर्ल्याचा पोरगा. सौ.ने त्याला थांबवून पैठणीचा पदर वर घेऊन दिला, जमिनीला घासत होता म्हणून. मग दोघं तिथेच मालवणीत आणि मराठीत पाच मिनिटं बोलत उभे राहिले. त्याला सोळा केबिन करायच्या होत्या हे मला माहीत होतं, पण सांगवेना.

गरम पाण्याचा टब दोघांनाच मिळाला. गुडघ्यांना बरं वाटलं.

इन्सुलिन पिशवीत घेतलं, तिजोरी दोनदा पाहिली, फ्रिज मी पाहिला आणि सौ.नेही पाहिला असं तिचं म्हणणं आहे. लिंबाच्या लोणच्याची बाटली फ्रिजच्या दारात होती. ठाण्याहून सीलबंद आणलेली, अर्धी शिल्लक. संध्याकाळी डाळ-भात समोर आल्यावर आठवण झाली. वेंगुर्ल्याच्या पोराला फोन केला, तो म्हणाला, "काका, फ्रिज रिकामा करूचो लागता, सगळा टाकला." नंतर रात्री नव्या केबिनमध्ये टॉवेलच्या घड्या घालून केलेल्या हत्तीशेजारी एक छोटी डबी ठेवलेली होती. त्याच्या घरचं कैरीचं लोणचं.