नाव जुळत नाही म्हणून सगळा अर्ज कोरा?

सत्तरीकर: आईचा जन्म १९५८ चा. नोंद पोर्तुगीज अमदानीतली, त्यामुळे 'गावकर'मधल्या 'क'साठी तिथे रोमन 'सी' आहे. आधार कार्डावर 'के'. परवा एका सरकारी पोर्टलवर तिचा अर्ज भरत होतो. चाळीस मिनिटे गेली, सहा कागद अपलोड केले आणि शेवटी लाल अक्षरांत इंग्रजीत एक ओळ आली: नाव जुळत नाही. मागे गेलो तर सगळे रकाने रिकामे. आई म्हणाली, "माझेच नाव चुकले का रे?" पोटात कालवले.

१९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या कितीतरी जणांच्या कागदांत हा फरक निघेल. वाळपईच्या बाजारातल्या चार म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून हा अर्ज आधी भरून बघितला असता, तर तेव्हाच कळले असते. अशी चाचणी झाल्याशिवाय कुठलीही सेवा ऑनलाइन आणू नये, हे माझे ठाम मत.

म्हापशेकर: सहमत नाही. सरकारी नोकरीला इथे १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, जमिनीचे व्यवहार एक-चौदाच्या उताऱ्यावर चालतात. नावात सूट दिली की बोगस माणूस घुसलाच. जुन्या नोंदी वेळेत दुरुस्त करून न घेणे ही चूक आपली.

सत्तरीकर: म्हापशेकरबाब, तपासणी सैल करा असे मी म्हटलेलेच नाही. दोन्ही स्पेलिंग लिहायला जागा द्या, प्रतिज्ञापत्र जोडू द्या, निर्णय मामलेदार घेतील. भरलेला अर्ज जपून ठेवला तर बोगस माणूस कसा घुसेल?

काणकोणची बाय: तुम्ही दोघेही स्क्रीनकडेच बघताय. आमच्या वाड्यावर रेंजच नसते. २०२० पासून स्वयंपूर्ण मित्र (सरकारने नेमलेले अधिकारी) पंचायतीत येतात, त्यांनीच अर्ज भरून द्यावेत. डिझाइनवर पैसे घालण्यापेक्षा माणूस बसवा.

फोंड्याचा प्रोग्रामर: ताई, तो माणूसही हाच फॉर्म उघडणार. ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. अॅसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगत होते, त्यांना ते जमणारच नव्हते. पद्धत ठरवताना ही माणसे कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती. न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, हक्क मानला. आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे, सरकारी कामाला मराठीही चालते. मग चूक झाल्याची सूचना फक्त इंग्रजीत का?

म्हापशेकर: सूचनेची भाषा बदलायलाच हवी, हे मान्य. नावाबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

काणकोणची बाय: माणूस हवाच, हे मी सोडणार नाही. पण चाचणी घेणार असाल तर पणजीत बसून घेऊ नका. आमच्याकडे या. रेंज देवळामागच्या टेकडीवर मिळते, तिथे उभे राहून सहा कागद अपलोड करून दाखवा.