मदत हवी आहे: शेजारणीची पाटी आणि काचेचा वाडगा, दोन्ही माझ्याकडे अडकलंय (ओकायामा, जपान)

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे एप्रिलपासून आम्ही ओकायामाला आहोत. मी पुण्याच्या सिंहगड रोडची, त्यामुळे हे गाव मला पु. ल. देशपांडे उद्यानापुरतंच माहीत. ते इथल्या कोराकुएन बागेवर बेतलंय. खरं कोराकुएन पाहायला गेले तर आत चक्क भाताचं खाचर आणि चहाची झुडपं! ३०० वर्षांपूर्वी सरदारांनी हौसेने बांधलेली बाग, आणि त्यात भात. असो, विषय तो नाही.

आम्ही जुन्या वस्तीत भाड्याने छोटं घर घेतलंय. गल्लीतली बहुतेक मंडळी सत्तरीपुढची. माझं जपानी म्हणजे हिरागाना (उच्चाराप्रमाणे लिहायची साधी अक्षरं) वाचता येते, कांजी (चिनी चित्राक्षरं) दिसली की घाम. साधारण दोन आठवड्यांपूर्वी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली दिसली. आत क्लिपची पाटी, तिला पाचसहा कागद. मला वाटलं जाहिराती. चपलांच्या कपाटावर ठेवली, त्यावर नवऱ्याची छत्री, त्यावर टपाल. विसरले.

मग मागच्या बुधवारी शेजारच्या आजी काचेच्या वाडग्यात तीन पांढरे पीच घेऊन आल्या. मी वाकून वाकून आभार मानले. शनिवारी परत आल्या, हसत हसत काहीतरी विचारलं, त्यात ‘काइरानबान’ हा शब्द दोनदा आला. मी सवयीने ‘हाइ, हाइ’ (हो, हो) म्हटलं. त्याही हसून गेल्या. (हे ‘हाइ’ एक दिवस मला तुरुंगात घालणार आहे.)

संध्याकाळी शब्द शोधला. काइरानबान म्हणजे घरोघर फिरणारी सूचनांची पाटी! वाचायची, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. छत्रीखालून पाटी काढली. पहिल्याच कागदावर घरांची यादी. आमच्या वरच्या सगळ्या नावांपुढे लाल गोल शिक्के, आमची चौकट कोरी, आणि खाली आणखी सहा घरं कोरी. पोटात गोळा आला. फोन धरून भाषांतर केलं तर कालव्याच्या सफाईची सूचना: रविवारी सकाळी ७ वाजता, हातमोजे आणि विळा आणावा. तो रविवार होऊन गेला होता. म्हणजे सहा घरांना माझ्यामुळे पत्ताच नाही. आम्ही तर त्या दिवशी नऊपर्यंत झोपलो होतो, आणि खिडकीबाहेर सगळी गल्ली गवत कापत होती!

त्यात माझं खातं आधीच खराब आहे. मे महिन्यात महापालिकेची ठरावीक पिशवी न वापरता सुपरमार्केटच्या पिशवीत कचरा ठेवला होता, तो चिठ्ठी लावून तिथेच सोडून गेले. दिवसभर कावळे त्याच्याभोवती. (इथल्या किल्ल्याला काळ्या भिंतींमुळे कावळ्यांचा किल्ला म्हणतात, पण कावळ्यांचं मुख्यालय माझी पिशवी होती.)

तर प्रश्न:
पाटी आजींना परत द्यायची की पुढच्या घरी? सोबत काही न्यावं लागतं का? वाडगा रिकामा परत द्यायला हात धजत नाही, आईने तसं कधी करू दिलं नाही. पण त्यात काय घालू? मी किबीदांगोचा (इथल्या मऊ, गोड गोळ्यांचा) डबा आणून ठेवलाय. आणि त्यांना हाक काय मारायची? मनात मी आजीच म्हणते.

प्रतिसाद १
आम्ही तोक्योत निशिकासाईला. बिल्डिंगमध्ये निम्मे आपलेच, शेजारी जपानी आहे की नाही तेही माहीत नाही. त्यामुळे उपयोगी काही सांगू शकत नाही, पण मजा आली वाचून. किबीदांगो मात्र नेऊ नका! ती ओकायामाचीच खासियत. पुणेकराला बाकरवडी भेट दिल्यासारखं होईल.

प्रतिसाद २
ताई, मी ओकायामात बरीच वर्षं आहे. घाबरू नका, क्रमाने करा.

पाटी पुढच्या घरीच द्यायची, आणि आजच. कडीला अडकवून पळू नका, बेल वाजवा आणि ‘ओसोकु नात्ते सुमिमासेन’ म्हणा, म्हणजे उशीर झाला, माफ करा. शिक्का नसेल तर सही चालते. मग आपल्या गटाचा हानच्यो (गटप्रमुख) कोण ते विचारा आणि त्यालाही एकदा सांगून या. हे काम आळीपाळीने येतं, कधीतरी तुमच्याही गळ्यात पडेल. माफीसाठी भेटवस्तू नको. पुढच्या सफाईला पावणेसातला उभ्या राहा, ते जास्त पोचतं. इथले कालवे रस्त्याला लागून, कित्येक ठिकाणी कठडाच नाही, रात्री सायकलसकट माणसं आत पडतात. सफाई म्हणजे नुसती शोभा नव्हे.

शेजारीण पीच घेऊन आली तेव्हा पाटी तुमच्याकडे अडकलीय हे तिला बहुधा माहीत होतं. तरी पीच आणले. म्हणजे राग नाही.

‘ओबाआसान’ (आजी) म्हणू नका हं. आडनाव घ्या आणि पुढे सान लावा. आडनाव दारावरच्या पाटीवर असतं.

प्रतिसाद ३
वाडग्याबद्दल. जपानमध्येही जुन्या लोकांत हीच रीत होती! तिला ओउत्सुरी म्हणतात: भांडं परत देताना त्यात काडेपेटी किंवा कोरे कागद ठेवायचे. आता फारसं कोणी पाळत नाही, पण त्या वयाच्या बाईला नक्की कळेल. फक्त महागाचं देऊ नका, नाहीतर तिला पुन्हा परतफेडीचं ओझं.

माझं मत शंकरपाळी. वेलची घालू नका, तूप बेताचं. इथे कारिन्तो नावाचा तळलेला गोड खाऊ असतो, त्यामुळे ओळखीचं वाटतं. घरचं द्यायला संकोच वाटला तर आसाम चहाचं बंद पाकीट. नग मोजून देत असाल तर चार टाळा, चारचा उच्चार ‘मृत्यू’सारखा होतो.

आणि पीच फ्रिजमध्ये कोंबलेत का? बाहेर ठेवा, खायच्या दोनतीन तास आधीच गार करा. दाबून बघू नका, बोटं उमटतात. झाडावर एकेका फळाला कागदी पिशवी बांधून वाढवतात ते.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पीच कोंबले होतेच, काढले.

पाटी दिली. पुढच्या घरचे आजोबा म्हणाले (नवऱ्याने भाषांतर केलं) की सफाई दरवर्षी त्याच सुमारास असते, आम्ही गेलो होतो. म्हणजे न गेलेलं घर फक्त आमचंच! हानच्योबाई निघाल्या तीन घरं सोडून. त्यांनी कचऱ्याच्या तारखांचा कागद दिला, त्यावर माझ्यासाठी हिरागाना लिहून. कचऱ्याची गोष्ट त्यांना माहीत होती तर.

शंकरपाळ्या वाडग्यात घालून दिल्या. शेजारीणबाईंनी दारातच एक तोंडात टाकली, ‘कारिन्तो?’ म्हणाल्या. मी या वेळी ‘हाइ’ न म्हणता नाव सांगितलं. त्यांना ‘शानकारापारी’ असं जमलं.

आज सकाळी दार उघडलं तर तोच वाडगा पायरीवर. आत पाच काकड्या.

आता पुन्हा काय घालू?