कमी तापमानाच्या भांड्यांवर टेक्स्चर आणि मेटॅलिक ग्लेझ: सल्ला हवाय

लालमाती
नमस्कार मंडळी. दोन वर्षं लाल मातीत काम करतेय. भट्टी छोटी, विजेची. बिस्क, म्हणजे कच्च्या भांड्याची पहिली भाजणी, कोन ०४ ला करते आणि ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, कोन ०६ ला भाजते, म्हणजे साधारण १००० अंश सेल्सिअसला (कोन म्हणजे ठरलेल्या उष्णतेला वाकणारा छोटा शंकू). आजवर साधे चकचकीत रंगच वापरले. आता एक उंच फुलदाणी आणि चार वाडगे करायचेत. वरच्या अंगाला आटलेल्या तळ्यासारखा भेगाळलेला थर हवा आणि खाली जुन्या पितळेची झाक.

पहिला घाणा पार फसला. भेगांच्या ग्लेझचे पोपडे भट्टीत जायच्या आधीच सुटायला लागले, नुसता हात लागला तरी गळायचे. उरलं ते भाजलं, तर काठावर उघडी माती. मेटॅलिक ग्लेझ मळकट तपकिरी आलं, धातूचं नावही नाही. दोन्ही ग्लेझ तयार बाटलीतली, ब्रशने लावायची. चुकतंय कुठे? आणि दोन्ही एकाच भांड्यावर चालतील का?

भट्टीपाशी
ताई, भेगांच्या ग्लेझबद्दल सांगतो, त्यात माझे बरेच महिने गेलेत.

या ग्लेझमध्ये सहसा मॅग्नेशियम कार्बोनेट भरपूर असतं. ती पूड फार हलकी असते आणि पाणी खूप पिते, म्हणून वाळताना थर आक्रसून फाटतो. मग भट्टीत प्रत्येक तुकडा वितळून स्वतःतच गोळा होतो आणि मधली जागा उघडी पडते. एरवी आपण ज्याला क्रॉलिंग म्हणून नावं ठेवतो, तेच इथं मुद्दाम घडवलेलं असतं. त्यामुळे तुमच्या भेगा बरोबरच आहेत, फक्त थराची मातीवरची पकड सुटली.

पकड सुटायचं पहिलं कारण धूळ. बिस्क ओल्या स्पंजने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतर बोटं लावू नका, तेलकट ठशावर थर धरत नाही. दुसरं कारण दोन थरांमधली वेळ. पहिला थर खडखडीत वाळून भेगाळला आणि त्यावर ओला ब्रश फिरवला, की खालचा थर उचलून येतो. ओली चमक गेली, पण अजून भेग पडली नाही, एवढ्यातच पुढचा थर द्यायचा. मी तीन जाड थर देतो. ब्रश ओढत नाही, ग्लेझ टेकवत जातो. तरीही पोपडे सुटत असतील तर सीएमसी गोंदाचं (ग्लेझ धरून ठेवणारा सेल्युलोजचा गोंद) थोडं पाणी मिसळून बघा.

धारदार काठावर हे ग्लेझ टिकतच नाही. काठ गोल करा, किंवा थर काठाखाली बोटभर थांबवा. भेगा पडल्यावर भांडं उचलायचं ते तळाला धरूनच.

आणि भेगांखाली आधी काळ्या अंडरग्लेझचा (ग्लेझखाली लावायचा रंग) एक हात द्या. पांढऱ्या बेटांमधून तो काळा रंग दिसतो, तेव्हा त्या थराला खरी खोली येते!

टाइलवाली
मेटॅलिकचं मी सांगते. यातल्या बऱ्याच ग्लेझमध्ये मॅंगनीज आणि तांबं भरपूर असतं. वितळलेल्या काचेत मावेल त्याहून जास्त धातू असला, की थंड होताना तो पृष्ठभागावर येतो आणि झाक मिळते. थर पातळ असेल तर तेवढा धातूच नसतो, मग तपकिरीच येणार.

एका उभ्या टाइलवर पायऱ्या करून बघा. माझ्या टाइलवर एका थराला गंजासारखा रंग आला, दोनला काळपट. तीनला घासलेल्या पितळेसारखी झाक उठली. चार थरांना खालच्या कडेला थेंब लोंबून थिजला. टाइल उभीच भाजायची, आडव्या टाइलवर ओघळ कळत नाही.

भट्टीच्या प्रत्येक फळीवर कोन ठेवा. वरची आणि खालची फळी सारखी तापत नाही आणि हे ग्लेझ तेवढा फरकही लगेच दाखवतं. तळाशी बोटभर जागा कोरी सोडा, फळीला किल्न वॉश (ओघळलेलं ग्लेझ चिकटू नये म्हणून द्यायचा लेप) हवाच.

एक गोष्ट कळकळीने सांगते. भाजताना मॅंगनीजचा धूर निघतो आणि तो मज्जासंस्थेला घातक आहे. भट्टी चालू असताना त्या खोलीत बसू नका, हवा बाहेर जायची सोय करा.

लालमाती
तिथंच चुकलं, मी दोनच थर दिले होते! वाडग्यांना आतून साधं पारदर्शक ग्लेझ आणि बाहेरून मेटॅलिक दिलं तर त्यात खाता येईल का?

टाइलवाली
आतलं ग्लेझ अन्नासाठी सुरक्षित म्हणून दिलेलं असेल आणि सांगितलेल्या कोनाला नीट भाजलेलं असेल, तर हो. पण मेटॅलिक काठाच्या दोन बोटं खालीच थांबवा, ओठ लागतात तिथं ते नकोच. मेटॅलिकच्या आत आंबट काही ठेवू नका, धातू त्यात उतरतो. भेगांचं ग्लेझही आत नको, खाचांमध्ये खरकटं अडकतं.

भट्टीपाशी
फुलदाणीलाही आतून ग्लेझ लागेलच. कोन ०६ ची लाल माती सच्छिद्रच राहते, पाणी झिरपतं. पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा, सकाळी तळाखालचा डाग बघा.

दोन्ही ग्लेझ एकाच भांड्यावर चालतात, पण एकावर एक नकोत. मेटॅलिक पातळ होऊन वाहतं, भेगांची बेटं त्यावरून घसरतात. मधे करंगळीएवढी पट्टी सोडा. भेगा वर आणि धातू खाली हा तुमचा बेत बरोबर आहे, ओघळ येईल तो खालीच जाईल.

चाकावरून
थोडी भर. अजून खडबडीत पोत हवा असेल तर सिलिकॉन कार्बाइड घातलेलं लाव्हा ग्लेझ बघा. भाजताना त्यातून वायू सुटतो आणि बुडबुडे फुटून खड्डे राहतात. त्यांच्या कडा बोट कापतील इतक्या धारदार असतात, सिरॅमिकच्या दगडाने घासून घ्या. खरी सोनेरी लस्टर, म्हणजे धातूचा अगदी पातळ चकचकीत थर, ही वेगळीच गोष्ट. ती भाजलेल्या ग्लेझवर लावून तिसऱ्यांदा, कोन ०१८ च्या आसपास भाजतात.

लालमाती
दोन आठवड्यांनी सांगायला आले. आधी टाइल केल्या, मग फुलदाणी. तीन थरांना पितळ आलं, उजेडात फिरवलं की कडेने हिरवट छटा दिसते. भेगांखाली काळं दिलं होतं, पांढरी बेटं त्यावर घट्ट बसलीत. एकच बेट निसटलं, खांद्याच्या कंगोऱ्यावर, तिथं कड गोल करायची राहिली होती. पुढच्या फुलदाणीचा खांदा ओल्या चामड्याने गोल करून ठेवलाय. कागद सकाळी कोरडा होता.