ऑफिस उघडायचंय, एकदम की टप्प्याटप्प्याने? (कोरोनाकाळातली चर्चा)

प्रश्न: लॉकडाऊन उठतोय आणि ४० जणांचं प्लॅनिंग माझ्या गळ्यात पडलंय. एक तज्ज्ञ म्हणतो टेबलं पुसा, दुसरा म्हणतो हवा खेळती ठेवा. ऐकायचं कुणाचं?

उत्तर १: टप्प्याटप्प्यानेच. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ५ दिवस, कधी १४ पण लागतात, म्हणजे आज दार उघडलं तर परिणाम दोन-तीन आठवड्यांनी कळणार, मधेच पुढचा टप्पा उघडलात तर रुग्ण कशामुळे वाढले ते कळायचंच नाही. डब्ल्यूएचओने मे २०२० मध्ये पॉझिटिव्हिटी (एकूण चाचण्यांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह) १४ दिवस ५ टक्क्यांखाली हवी असं सुचवलेलं, तो आकडा बघत राहा.

उत्तर २: आम्ही सॅनिटायझरचे कॅन आणले आणि मीटिंग रूमच्या खिडक्या रंगाने चिकटलेल्या तशाच! शेवटी पट्टीने खरवडून उघडल्या. त्यासाठी कशाला रिसर्चची वाट बघायची, चुकलं तरी नुकसान काय?

प्रश्नकर्ता: खिडक्या आजच बघतो. ऑफिस परत बंद कधी करायचं तेही आधीच ठरवू ना?

उत्तर १: हो, आणि लेखी. नंतर कोणी ऐकत नाही.