मदत हवी आहे: घरात दोन पायलट, आरती कमी आणि वाद जास्त

नमस्कार मंडळी. माझा सख्खा भाऊ एअरबस ए३२० उडवतो, आतेभाऊ बोइंग ७३७. दोघं समोरासमोर आले की झालंच! आतेभाऊ म्हणतो, "हातात खेळण्यासारखी साइडस्टिक (विमान वळवायची बाजूची छोटी दांडी). ६७ अंशांपेक्षा जास्त कलवायला गेलास तर तुझं विमानच नाही म्हणतं." भाऊ लगेच, "तुझ्या विमानाचं पहिलं उड्डाण १९६७चं. मला समोर जेवायला टेबल तरी आहे, तू बस मांडीवर ट्रे घेऊन." मग २००९ची हडसन नदी निघते, म्हणजे इंजिनं बंद पडल्यावर न्यूयॉर्कला नदीवर उतरवलेलं ते विमान. विमान ए३२०, १५५ जण वाचले. श्रेय विमानाचं की कॅप्टन सलेनबर्गरचं? यात परवा मोदक गार झाले. (आत्या एवढंच म्हणाली, दोन्ही विमानं उतरतात ना वेळेवर?)

आता गाडी थ्रस्ट लिव्हरवर (इंजिनाची ताकद कमीजास्त करायच्या दांड्यांवर) अडलीय. ऑटोथ्रॉटल (ही ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना बोइंगमध्ये ते आपोआप पुढेमागे सरकतात, एअरबसमध्ये जागचे हलत नाहीत. हाताला कळणं जास्त महत्त्वाचं की पडद्यावरचे आकडे बघणं? दोन्ही विमानं उडवलेलं कुणी आहे का इथे? वयाने मोठं असेल तर उत्तम, म्हणजे दोघं गप्प ऐकतील. गौरीजेवणाआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.